पगारवहीतली माणसं : पुण्यातल्या एका मराठी मंडळीच्या स्मरणिकेचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समूहाचं, आहे. मंडळीचं नाव, पेठ आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. ज्यांच्या घरचे कागद यात येतात त्यांना हा मजकूर आधी वाचून दाखवला. मी इतिहास शिकवते, मोडी वाचते. मंडळीत मी बाहेरचीच, आणि या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक माझ्या हातून झाली.

पार्श्वभूमी

मंडळी स्कॉटिश मिशनच्या परंपरेतली. रविवारी उपासनेला जमणारी बहुतेक घरं चार-पाच पिढ्यांची. मोठा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि पाच जणांची समिती नेमली. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, कामाला वाघ. त्यांना सगळे काका म्हणत, मीही म्हणू लागले.

काकांनी मला बोलावलं तेव्हा इतिहासाचं प्रकरण लिहून तयार होतं. बारा पानं. स्कॉटलंडहून कोणते साहेब कधी आले, कोणी शाळा काढली, कोणी दवाखाना. शेवटी एक परिच्छेद होता : ‘या कार्यात अनेक एतद्देशीय बंधुभगिनींनी साथ दिली.’ त्या बंधुभगिनींपैकी एकाचंही नाव नव्हतं. काकांच्या मनात काही वावगं नव्हतं. त्यांच्यापुढे जे साधन होतं त्यातच नावं नव्हती. ते साधन म्हणजे मिशनचे इंग्रजीत छापलेले वार्षिक अहवाल.

हे अहवाल कसे तयार व्हायचे ते आधी सांगायला हवं. मिशनरी सोसायटी ही वर्गणीवर चालणारी संस्था. 1792 ची बाप्टिस्ट, 1795 ची लंडन, 1796 ची स्कॉटिश, 1799 ची चर्च मिशनरी सोसायटी, सगळ्यांचा आधार एकच : मायदेशात गावोगावी गोळा होणारे लहान लहान पैसे. ते येत राहावेत म्हणून वर्गणीदाराला इकडची खबर पोचवावी लागे. मिशनरी लांबलचक पत्र लिही, तिकडचा चिटणीस त्यातलं निवडून छापी. वर्गणीदाराच्या ओळखीचा असे तो साहेब, कारण तो त्यांच्याच चर्चमधून निरोप घेऊन निघालेला. पुण्याच्या पेठेत पोरांना बाराखडी घोकवणारा पंतोजी त्यांना कुठून माहीत असणार? तो ‘नेटिव्ह एजंट’ या दोन शब्दांत संपे. नाव छापलं जाई ते ज्याच्या बाप्तिस्म्याने गहजब झाला त्याचं. 1839 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला आणि मामला कोर्टापर्यंत गेला. 1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने घरच्यांच्या हवाली केलं. ही नावं स्कॉटलंडपर्यंत गाजली. दुष्काळाच्या वर्षी आलेल्या घरांचा मात्र आकडाच छापला जाई.

शिवाय संस्थेचं नावच एक राहिलं नाही. स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसं 1823 मध्ये कोकणात बाणकोटला उतरली. पुण्यात 1830 च्या दशकात जेम्स मिचेल यांनी ठाण मांडलं. 1835 मध्ये हे काम चर्च ऑफ स्कॉटलंडने आपल्याकडे घेतलं. 1843 मध्ये ते चर्चच फुटलं. हिंदुस्थानातले मिशनरी बाहेर पडलेल्या फ्री चर्चबरोबर गेले आणि इमारती जुन्या चर्चकडे राहिल्या. 1900 मध्ये त्याचं युनायटेड फ्री चर्च झालं, 1929 मध्ये पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंड, आणि 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. एकाच मंडळीचे कागद अशा निरनिराळ्या नावांखाली विखुरलेले असतात. काकांनी शोधलं होतं फक्त ‘चर्च ऑफ स्कॉटलंड’. त्यामुळे 1843 ते 1929 या काळातले अहवाल त्यांच्या हाती लागलेच नव्हते, आणि मसुद्यात तिथे ‘या काळात कार्य थोडे मंदावले’ असं वाक्य आलं होतं. काम मंदावलं नव्हतं, कपाट बदललं होतं.

अडचण कुठून सुरू झाली

मसुदा उपासनेनंतर वाचून दाखवला. सगळे निघाले तरी सत्तरीतल्या एक बाई थांबून राहिल्या. त्यांना मंडळीत आक्का म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक पत्र्याची पेटी आणली. “मॅडम, ही आमच्या पणजीची. कुणाला वाचता येत नाही, पण टाकवतही नाही,” एवढंच म्हणाल्या.

पेटीत काही सुटी पत्रं होती आणि एक जाड, उभी वही. वही मोडीत. पहिली दोन पानं वाचल्यावर लक्षात आलं की ही मिशनची पगारवही आहे. महिनावार नोंदी : पंतोजी, बायबल बाई, प्रचारक, बोर्डिंगची स्वयंपाकीण, पाणक्या. समोर रक्कम, आणि पैसे पावल्याची सही किंवा निशाणी. साहेबाच्या पत्रात ‘दोन शाळा, आठ एजंट’ एवढंच असेल, तिथे इथे आठ माणसं नावगावासकट उभी होती.

छापील अहवालाशी ताडून पाहिलं तेव्हा पहिला धक्का बसला. अहवाल एका शाळेबद्दल म्हणतो की अमुक साली ‘आम्ही’ ती उघडली. पगारवहीत त्या शाळेच्या पंतोजीचा पगार दोन वर्षं आधीपासून चालू आहे. म्हणजे शाळा त्याने चालवली आणि मग ती अहवालात आली. दुसरी गोष्ट, हा पंतोजी ख्रिस्ती नव्हता. याचं मला नवल वाटलं नाही. मिशनच्या सुरुवातीच्या शाळांतून हिंदू शिक्षक सर्रास असत. समितीला मात्र ते पचवायला वेळ लागला.

शिक्षकांची संख्या एवढी का, हेही काकांनी विचारलं. त्याला कारण आहे. स्कॉटिश मिशनचा भर शाळांवर. जोतीराव फुले 1841 ते 1847 याच मिशनच्या पुण्यातल्या शाळेत शिकले. शेजारी अहमदनगरला अमेरिकन मिशन. त्यांच्या बॉस्टनच्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 मध्ये स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले आणि त्यानंतर तिथली इंग्रजी शाळा बंद झाली. आधी गावात मंडळी उभी राहावी, तिने आपला कारभार, खर्च आणि प्रचार स्वतः पेलावा, हे अँडरसन यांचं धोरण. एकाच मराठी मुलखात दोन सोसायट्यांची दोन धोरणं. ती मुलांच्या आयुष्यावर उमटली आणि पगारवह्यांवरही. आणि सोसायटी म्हणजे नुसते पुरुष नव्हेत. नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या होत्या, आणि त्या पाहूनच जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेची कल्पना पक्की झाली.

आता वहीतलं जे पान मी कधी विसरणार नाही, त्याबद्दल. आक्कांच्या पणजी बायबल बाई होत्या. बायकांमध्ये जाऊन वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. पहिल्या काही वर्षांत त्यांच्या नावापुढे बांगडीची निशाणी आहे. जुन्या मोडी कागदांत सही न येणारी बाई बांगडी काढी, जसा कुणबी नांगर काढी. म्हणजे या बाईंना वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. तेव्हा बायकांना आधी वाचायला शिकवत, लिहिणं मागून. आणि मग एका महिन्यात बांगडी नाही. तिथे बाळबोधीत, थोडं थरथरत, त्यांचं नाव आहे. पुढच्या प्रत्येक महिन्यात तेच नाव, दर खेपेला जरा सरळ. मी ते पान आक्कांना दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोटाने त्या अक्षरांवरून फिरवत म्हणाल्या, “आजी म्हणायची, ती रात्री चुलीजवळ पाटीवर लिहायची.”

नोंदवहीचा प्रश्न

पगारवही सापडली तसा सगळ्यांना हुरूप आला. चर्चच्या लोखंडी कपाटातून बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही काढली. तारीख, आधीचं नाव, नवं नाव, वय, गाव, धंदा, बाप्तिस्मा कोणी दिला. आणि मधोमध एक रकाना : जात.

मी ती पानं मोबाइलवर टिपली आणि समितीतल्या एका तरुणाला पाठवली, कारण मजकूर टंकायचं काम त्याच्याकडे होतं. पानांबरोबर एक ओळ लिहायला हवी होती की हे कुणाला दाखवू नकोस. मी लिहिली नाही. त्याने त्याच संध्याकाळी सहा पानं मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली : ‘आपला वारसा!’ त्याचा हेतू चांगलाच होता. रात्री नऊपर्यंत मंडळीच्या पाळकसाहेबांना चार फोन गेले होते. एका घरच्या मुलीचं लग्न ठरत होतं. एका घरात भावाभावांत भांडण झालं. एक गृहस्थ म्हणाले, “साहेब, आमच्या आजोबांनी जे मागे ठेवलं ते तुम्ही दिवाणखान्यात आणून टाकलंत.”

बाहेरच्या वाचकाला वाटेल, दीडशे वर्षांपूर्वीच्या रकान्याने एवढं काय होतंय? पण तो रकाना मेलेला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे कुणाच्या पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय याला आजच्या दाखल्यांमध्ये, नोकरीत, सोयरिकीत अर्थ आहे. मिशनरींनी जात मोडायची म्हणून जिथे ती लिहून ठेवली, तिथेच ती टिकली. हे मला फार बोचतं, आणि त्याचा दोष मी फक्त साहेबांना देत नाही. मंडळीतही जात पुसली गेली नव्हती.

समोर काय काय पर्याय होते

पाळकसाहेबांनी दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली. फोटो ग्रुपवरून काढले होते, पण लोकांच्या मोबाइलमध्ये ते उतरलेच होते.

काकांचं म्हणणं होतं, नोंदवही बंद करा आणि जुना मसुदा छापा. सोपं आणि सुरक्षित. पण त्याने पगारवहीही गेली असती, म्हणजे पुन्हा साहेबांचीच बारा पानं.

दुसरी सूचना आली ती मला सगळ्यात वाईट वाटली : जी ‘मोठी’ नावं आहेत, म्हणजे ब्राह्मण आणि वरच्या मानलेल्या जातींच्या घरांतून आलेली, तेवढी छापावीत. त्यांच्या वंशजांची हरकत नव्हती. यात गंमत अशी की अहवालांनी जे केलं तेच आपण मराठीत पुन्हा केलं असतं. बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई या माणसांचं मोठेपण कोणी नाकारत नाही. पण मराठी वाचकाला मराठी ख्रिस्ती इतिहास म्हणून हीच तीन-चार नावं ठाऊक असतात. पुण्यात तर मिशन म्हटलं की 1890 चा पंचहौद मिशनमधला चहाच निघतो. तो चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावरचा ग्रामण्याचा, म्हणजे बहिष्काराचा वाद, प्रायश्चित्त, सगळं तपशीलवार माहीत. त्या कंपाउंडमध्ये राहणारी माणसं कोण होती, हे विचारणारा विरळा.

तिसरं मत मंडळीतल्या एका वयस्कर कार्यकर्त्याचं, आणि ते ठाम होतं. ते दलित ख्रिस्ती हक्कांच्या चळवळीत अनेक वर्षं आहेत. “सगळं छापा. रकान्यासकट. आमच्या लोकांनी काय सोडलं ते लिहिलंच नाही तर काय मिळवलं ते तरी कसं कळणार? लाज त्या रकान्याची नाही, लाज वाटायला लावणाऱ्यांची आहे.” खोलीत शांतता पसरली. याला उत्तर देणं मला जमलं नाही, आजही पूर्णपणे जमत नाही.

मी सुचवलं की नोंदवहीतलं काहीच नावनिशी छापू नये, जातींचे आकडे द्यावेत. पाळकसाहेबांनी लगेच त्यातली खोट दाखवली. मंडळी लहान, एखाद्या वर्षी दोनच घरं आलेली. आकडा दिला की घर कळतं. आकड्याने नाव झाकलं जातं ही माझी समजूत मोठ्या गावाची होती.

काय केलं

निर्णय बैठकीत झाला नाही. पाळकसाहेब म्हणाले, आधी घरं गाठू. पुढचे सहा आठवडे ते आणि मी मिळून एकेका घरी गेलो. फोनवर विचारायचं नाही, समोर बसून विचारायचं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर तरुणांनाही विचारायचं असं ठरवलं होतं. प्रत्येक घरी मी पहिल्यांदा फोटोंबद्दल माफी मागितली. ते सोपं गेलं नाही, पण तेवढ्याने पुष्कळ दारं उघडली.

विचारायचं एवढंच : पूर्वजाचं नाव छापायचं का? गाव, धंदा छापायचा का? जातीबद्दल काही लिहायचं का, आणि लिहायचं तर कोणाच्या शब्दांत? शेवटचा प्रश्न पाळकसाहेबांचा, आणि त्यानेच गाठ सुटली. कारण हरकत बहुतेकांची जातीच्या उल्लेखाला नव्हती, ती दुसऱ्याने रकान्यात टाकण्याला होती. दोन घरांनी स्वतःचं टिपण लिहून दिलं. त्या कार्यकर्त्यांनी चार पानं लिहिली, पणजोबांच्या गावातल्या विहिरीपासून सुरुवात करून. आम्ही त्यातला एक शब्द बदलला नाही.

नोंदवही जशीच्या तशी छापायची नाही असं ठरलं. कोणकोणत्या समाजांतून लोक आले हे वर्षं आणि आकडे न देता सलग मजकुरात लिहिलं. पगारवहीतली नावं, जिथे वारस सापडले तिथे त्यांच्या संमतीने, काम आणि काळासह दिली. सापडले नाहीत तिथे नाव दिलं, जात-गाव काही नाही. हिंदू पंतोजींचं नावही दिलं, ‘ते ख्रिस्ती नव्हते’ या स्पष्ट वाक्यासह. यावर काकांशी माझा वाद झाला. त्यांना वाटत होतं की त्याने मिशनचं श्रेय कमी होतं. मी म्हटलं, शाळा त्यांनी चालवली ना? मग? दोन दिवसांनी काकांनी स्वतःच ते वाक्य मसुद्यात घातलं.

कालखंडाची चूकही दुरुस्त केली. फ्री चर्च आणि युनायटेड फ्री चर्च या नावांनी शोधल्यावर मधल्या काळातले अहवाल मिळाले. स्कॉटिश मिशनची हस्तलिखित पत्रं एडिंबरोला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत. तिथे आम्ही पत्र लिहिलं, पण फार उशिरा. मराठी बाजूने ‘ज्ञानोदय’ कामाला आला. अमेरिकन मिशनने 1842 मध्ये नगरला सुरू केलेलं हे पत्र. त्यात पुण्याकडच्या मंडळ्यांच्या बातम्या सापडतात, आणि त्यात माणसांना नावं असतात.

निष्पत्ती

स्मरणिका नाताळला निघायची ती ईस्टरला निघाली. वर्धापनदिन तिच्याविना साजरा झाला, काका महिनाभर नाराज होते. पहिलं प्रकरण आता पगारवहीने सुरू होतं. साहेब त्यात आहेत, योग्य जागी आहेत. त्यांचं कर्तृत्व आम्ही झाकलं नाही. परक्या हवेत मुलंबाळं पुरून इथे राहिलेली माणसं होती ती.

एका घराने आपलं नाव पूर्णपणे गाळायला सांगितलं. गाळलं. त्यामुळे एका शाळेच्या हकिगतीत वीस वर्षांची पोकळी राहिली, आणि ती तशीच दिसू दिली. व्हॉट्सअॅपवरून गेलेली पानं परत आणता आली नाहीत. ज्या मुलीचं लग्न ठरत होतं ते नंतर झालं, पण तिचे वडील माझ्याशी बोलत नाहीत. मला त्यांचा राग कळतो.

नोंदवही कपाटातच आहे. तिची एक डिजिटल प्रत केली. पाळकसाहेब आणि कमिटीचा एक सभासद, दोघांच्या सहीशिवाय ती कोणाला दाखवायची नाही असा ठराव झाला. स्वतःच्या पूर्वजाची नोंद मात्र कोणालाही पाहता येते. पगारवही कुठे ठेवावी यावर बरीच चर्चा झाली. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीचं ग्रंथालय किंवा सरकारी दप्तर, दोन्ही ठिकाणी ती जास्त नीट राहील असं माझं मत होतं आणि आहे. आक्कांनी मूळ वही दिली नाही, प्रत दिली. वही त्यांची आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

कॅमेरा काढण्याआधी नोंदवहीचे रकाने वाचेन. दहा मिनिटांचं काम होतं. ज्यांच्या घरचं त्यात आहे त्यांना कळल्याशिवाय एकही पान कोणाच्या मोबाइलवर जाणार नाही, टंकणाऱ्याच्याही नाही. त्याला समोर बसवून कागदावरून उतरवून घेता आलं असतं.

एडिंबरोला पहिल्याच आठवड्यात लिहीन. संस्थेच्या नावांची सनावळी एका पानावर करून समितीच्या भिंतीवर लावेन, म्हणजे ‘कार्य मंदावले’ असली वाक्यं जन्मालाच येणार नाहीत.

पेटीतल्या सुट्या पत्रांपैकी दोन पत्रं एका सभासदाने प्रेमापोटी लॅमिनेट करून आणली. ती आता कायमची प्लॅस्टिकमध्ये अडकली आहेत. उष्णतेने शाई पसरली आहे, एका पत्राची तारीख गेली. पेटी उघडली त्याच दिवशी सांगायला हवं होतं : चिकटपट्टी नाही, लॅमिनेशन नाही, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

आणि आक्कांशी आधी बोलेन, वही नंतर उघडेन. चुलीजवळच्या पाटीची गोष्ट मला योगायोगाने मिळाली. त्यांच्या बरोबरीच्या दोन बायका या कामाच्या वर्षभरात गेल्या, आणि त्यांना काहीच विचारलं गेलं नाही.

सुट्या पत्रांचा गठ्ठा अजून अर्धा वाचायचा आहे. दर गुरुवारी दुपारी आक्कांकडे बसतो. मी मोडी मोठ्याने वाचते आणि त्यांची नात वहीत बाळबोधीत उतरवून घेते. गेल्या खेपेला त्या मुलीने विचारलं की मोडीतला ‘क’ कसा काढायचा, तेव्हा आक्कांनी आतून पाटी आणली.